कणगीच्या तळाशी

माझ्या कादंबऱ्यांतल्या बायकांना दिवस फार सहज जातात. एखाद्या प्रकरणाच्या शेवटी नायिकेला सकाळी उलटी होते, सासू गालातल्या गालात हसते, आणि पुढच्या प्रकरणात अंगणात दुपटी वाळत असतात. आजवर मी चार कादंबऱ्या लिहिल्या आणि चारींत मिळून सहा मुले जन्माला घातली. त्यांच्यासाठी मला अर्ध्या पानाहून अधिक शाई कधी खर्चावी लागली नाही. माझ्या स्वतःच्या चौदा वर्षांच्या संसारात मात्र ते अर्धे पान कोरेच राहिले.

दिवाळी अंकात हा विषय काढावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायच्या अंकात डॉक्टर आणि इंजेक्शने कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु दिवाळीलाच घरोघर माणसे जमतात, आणि माणसे जमली की माझ्यासारखीला तो एक प्रश्न हटकून विचारतात. तेव्हा उत्तरही दिवाळीतच दिलेले बरे.

आम्ही आगाशीकडचे. विरार स्टेशनापासून बस पश्चिमेला निघाली की इमारती हळूहळू मागे पडतात आणि केळीच्या बागा दिसू लागतात; त्या अजून जिथे तग धरून आहेत तिथे आमची चार गुंठ्यांची वाडी आहे. वाडीत विहीर आहे, राजेळी केळी आहेत, आणि थंडी सरली की सासूबाई त्या केळ्यांची सुकेळी उन्हात घालतात. ह्यांची नोकरी चर्चगेटला, म्हणजे निम्मे आयुष्य विरार लोकलमध्ये. माझे शिक्षण दहावीपर्यंत, जुन्या भाषेत मॅट्रिक; गेली अठरा वर्षे मी एका छोट्या शाळेत शिशुवर्गाला शिकवते. पस्तीस मुलांची मी ‘बाई’ आहे, आणि साडेबारा वाजले की एकाचीही कोणी नाही.

गेल्या वर्षी आषाढात दादरच्या एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या रक्ताची ‘एएमएच’ नावाची तपासणी करून घेतली. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. आकडा आला शून्य पूर्णांक चार. एकाहून बराच खाली. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांनी मोजून दाखवले: उजवीकडे दोन, डावीकडे एक. “स्त्रीबीजांचा साठा कमी आहे,” त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी काय आठवावे, तर आजोळची भाताची कणगी. बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली. श्रावण सरत आला की आजी तिच्यात वाकून हात घालायची, आणि हात कोपरापर्यंत गेला की तिचा चेहरा उतरायचा. डॉक्टरीणबाईंनी माझ्या कणगीत हात घातला होता.

ही कणगी मोठी विलक्षण आहे. ती एकदाच भरते, आणि तीही आपण आईच्या पोटात असताना. पाचव्या महिन्याच्या सुमारास मुलीच्या गर्भात साठ-सत्तर लाख बीजे असतात. ती जन्मते तेव्हा त्यांतली दहा-वीस लाख उरतात, आणि न्हाण येईपर्यंत तीन-चार लाख. त्यांतून उभ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती अवघी चारशे-पाचशे. बाकीची आतल्या आत सुकून जातात. दर महिन्याला बीजांची एक तुकडी पुढे येते, एक पिकते आणि उरलेली मावळतात. बाई कुमारिका असो की लेकुरवाळी, कणगी आपल्या गतीने रिकामी होतच असते. बावखलासारखी ती पावसाळ्यात पुन्हा भरत नाही.

त्या बारीक बीजांभोवतीच्या पेशींतून जो रस रक्तात उतरतो, तो या तपासणीत मोजतात. म्हणजे कणगीत दाणे किती उरले याचा तो अंदाज. कोणता दाणा रुजेल, हे काही त्यातून कळत नाही. ते पुष्कळसे वयावर असते. इथे पुष्कळ जणींची फसगत होते. आकडा कमी आला म्हणून एखादी पंचविशीतली पोर रडत बसते. २०१७ साली अमेरिकेत तीस ते चव्वेचाळीस वयाच्या सुमारे साडेसातशे बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. मूल न होण्याचा पूर्वेतिहास नसलेल्या त्या बायका होत्या. त्यांच्यात कमी आकड्यावाल्यांना दिवस जाण्यात कमीपणा दिसला नाही. पण तो दिलासा माझ्यासाठी नव्हता. मी चाळिशी ओलांडलेली होते आणि आमचा वाट पाहण्याचा इतिहास बारा वर्षांचा होता.

“असं का झालं?” मी विचारले. खरे म्हणजे मला विचारायचे होते, “कोणाच्या चुकीमुळे?” लोकांनी त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवलेले होते: कादंबऱ्या लिहीत बसली. डॉक्टरीणबाईंनी माझे जुने कागद चाळले. तिसाव्या वर्षी माझ्या बीजकोशातली चॉकलेट सिस्ट काढली होती. दुखणे इतके होते की काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. अशी गाठ सोलून काढताना तिच्या सालीबरोबर चांगला भागही थोडा निघून येतो, आणि मुळात त्या गाठीनेही काही खाल्लेले असते. कोणाच्या घराण्यात हा साठा लवकर संपतो, कोणाचा कर्करोगाच्या औषधांनी, कोणाचा धुम्रपानाने. पुष्कळदा कारण सापडतच नाही. “चूक कुणाचीच नाही,” त्या म्हणाल्या. त्या वाक्यासाठी मी त्यांना फीच्या दुप्पट पैसे दिले असते.

घरी येऊन मी शाळेची एक कोरी वही घेतली आणि चार रकाने आखले. वर्गात मी मुलांना मण्यांनी मोजायला शिकवते. त्या रात्री आम्ही दोघे स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून आमचे मणी मोजू लागलो.

पहिला रकाना, स्वतःच्या बीजांवर टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयत्न. दुसरा, परक्या स्त्रीचे बीज घेऊन तोच प्रयत्न. तिसरा, दत्तक. चौथा, काहीच न करणे. चौथा रकाना ह्यांनी घातला. मला राग आला. पण काही न करणे हीदेखील एक निवड आहे आणि ती हताशपणाने न करता समजून करता येते, हे मला पुढे पटले. माझ्या एका मावशीने ती तशीच केली आणि ती माझ्या पाहण्यातल्या सुखी बायकांपैकी एक आहे.

टेस्ट ट्यूब बेबी हा शब्द मी लहानपणी ऐकला तेव्हा मला वाटे, बाळ काचेच्या नळीत बसून मोठे होते आणि मग नळी फोडून काढतात. परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ या दिवशी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा चावडा जन्मली. ती माझ्याहून दोनच वर्षांनी धाकटी. २०१६ साली हर्षाला स्वतःला मुलगा झाला आणि ते बाळंतपणही डॉ. हिंदुजांनीच केले. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात आले, जिला जग एक नवल म्हणून बघायला आले, तीही शेवटी कोणाची तरी चारचौघींसारखी आई झाली.

परंतु हर्षाच्या आईची कथा वेगळी आणि माझी वेगळी. चाळिशीनंतर, साठा कमी असताना, स्वतःच्या बीजांवर एका खेपेला मूल घरी येण्याचा संभव शंभरात फार तर दोन हातांच्या बोटांइतका, आणि पुढे दरवर्षी एकेक बोट मिटत जाणारा. आम्हांला सांगितलेला खर्च पावणेदोन लाख. तो आकडा ऐकून आम्ही आणखी एका ठिकाणी गेलो. तिथे गुळगुळीत कागदावर गुबगुबीत बाळांची चित्रे होती, आणि टेबलामागच्या तरुणाने बीजांची संख्या वाढवणारी पूड आणि ‘हमी’ या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या. विचारले तेव्हा डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, “नवीन बीज तयार करणारं औषध अजून निघालेलं नाही. इंजेक्शनं काय करतात? त्या महिन्यात पुढे आलेली जी तुकडी एरवी सुकून गेली असती, तिला पिकवतात. त्यामुळे साठा लवकर संपत नाही; पण नसलेला येतही नाही.” मोठा डोस दिला म्हणून तीन दाण्यांचे तेरा होत नाहीत.

आम्ही ठरवले, एकच खेप. ठरवले म्हणजे वहीत लिहून खाली दोघांनी सह्या केल्या. हे मी मुद्दाम सांगते. या रस्त्यावर थांबायची जागा निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावी. मध्येच ठरवायला गेले तर प्रत्येक वळणावर वाटते, आता पुढच्या वळणावर आहेच.

कार्तिकात पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पोटात इंजेक्शने सुरू झाली. ती थंड ठेवावी लागतात. आमच्या फ्रिजमध्ये ती उरलेल्या करंज्यांच्या डब्याशेजारी राहिली. घरी ती ह्यांनीच टोचली. पहिल्या दिवशी त्यांचा हात इतका थरथरला की मलाच त्यांना धीर द्यावा लागला. पहाटे दादर, सोनोग्राफी, आणि प्रार्थनेच्या घंटेला मी पुन्हा शाळेत. अकरा दिवसांनी शेवटचे इंजेक्शन रात्री ठरल्या मिनिटाला दिले आणि छत्तीस तासांनी बीजे काढली. चार दिसत होती, तीन निघाली, दोन पक्की होती, एकाचा गर्भ झाला. तिसऱ्या दिवशी तो माझ्या पोटात ठेवला. सासूबाई त्या दिवशी जीवदानीच्या साऱ्या पायऱ्या चढून गेल्या. गुडघ्याचे काय, असे विचारले तर म्हणाल्या, “तुझ्या पोटाला एवढं टोचलं, माझ्या गुडघ्याला थोडं दुखलं तर काय झालं?”

चौदा दिवसांनी रक्त तपासले. निकाल फोनवर आला तेव्हा वर्गात अंकांचे गाणे चालले होते. मुले सातावर होती. मी आठ म्हटले, नऊ म्हटले, दहा म्हटले, मग वर्ग सेविकाबाईंवर सोपवून पाण्याच्या टाकीमागे गेले.

वहीतला पहिला रकाना आम्ही त्या रात्री आडव्या रेघेने बंद केला. मग मात्र तीन महिने ती वही उघडलीच नाही. दुःखाला आपला वेळ द्यावा लागतो. न जन्मलेल्यासाठी रडायचे तर त्याला सुतक नाही की तेरावा नाही, म्हणून तो वेळ आपणच ठरवावा लागतो.

फाल्गुनात दुसऱ्या रकान्याचा विषय सासूबाईंनीच काढला. डॉक्टरीणबाईंनी परक्या बीजाचे सुचवले होतेच. बीजांना वय लवकर बाधते, तितके गर्भाशयाला बाधत नाही; म्हणून तरुण स्त्रीचे बीज घेतले की यशाचा संभव पुष्कळच वाढतो. आपल्याकडे अशा रीतीने पहिले मूल जन्मले ते १९९१ सालच्या जानेवारीत, आणि तेही डॉ. हिंदुजांच्याच हातून. २०२१ साली यासाठी कायदा झाला. बीज देणारी स्त्री तेवीस ते पस्तीस वयाची असावी, तिने आयुष्यात एकदाच द्यावे, सातांहून अधिक बीजे काढू नयेत, तिचा विमा उतरवावा, आणि होणारे मूल कायद्याने सर्वस्वी त्या जोडप्याचे. पन्नाशीपर्यंत बाईला हे उपचार घेता येतात, म्हणजे माझ्यापाशी वेळ होता.

सासूबाईंना कायदा ठाऊक नव्हता, पण वाडी ठाऊक होती. सुकेळी उलथता उलथता त्या म्हणाल्या, “अगं, हापूसचं कलम रायवळच्या खुंटावरच बांधतात ना? डोळा दुसऱ्या झाडाचा, पण मुळं खुंटाची, पाणी खुंटाचं. खुंट म्हणतो का, हा आंबा माझा नव्हे?” एवढा नेमका दृष्टान्त मला माझ्या चारही कादंबऱ्यांत साधलेला नाही. आमच्याच आळीतल्या एकीने हा मार्ग घेतला, आणि तिच्या मुलीच्या बारशाला मी पाळणा म्हटला. त्या मुलीच्या हनुवटीवर कोणाची खळी आहे, हे त्या घरात कोणी शोधत नाही.

तरी माझे मन त्या रकान्यावर ठरेना. कारण शोधू लागले तेव्हा एक बारीकसे सापडले. ते अकरा दिवस माझ्या अंगाला अजून आठवत होते. आता तीच इंजेक्शने, तेच फुगलेले पोट माझ्यासाठी कोणी अनोळखी पोर सोसणार, ही गोष्ट मला बाजूला सारता येईना. हा माझ्या मनाचा कल झाला, निवाडा नव्हे. कोणी आनंदाने देत असेल आणि कोणी कृतज्ञतेने घेत असेल, तर मध्ये बोलणारी मी कोण? ह्यांना विचारले, “तुमचं रक्ताचं मूल होऊ शकतं. माझ्या हट्टापायी तुम्ही का सोडता?” ते बराच वेळ बोलले नाहीत. लोकलमध्ये उभे राहून राहून या माणसाला गप्प बसण्याची सवय लागली आहे. मग म्हणाले, “मला मूल हवंय. माझ्यासारखं दिसणारं हवं, असं मी कधी म्हटलं?”

राहिला तिसरा रकाना, आणि तिथे मला पहिल्यांदा गणिताची भीती वाटली. ‘कारा’ ही केंद्र सरकारची संस्था देशभरच्या दत्तकाचे काम पाहते. २०२२ सालच्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ हून अधिक चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठच्या मुलासाठी १००. तपासणी केली त्या आषाढातच आमची बेरीज ८६ होती. तान्ह्या बाळाचे दार एका वर्षाने चुकले होते, आणि ते आम्हांला ठाऊकही नव्हते. आता बेरीज ८८ झाली होती. जोडप्याचे हे एक आहे. वर्ष एक सरते आणि वय दोनांनी वाढते.

मी हिरमुसून बसले. तान्हे मिळणार नाही. मिळाले तर दोन-तीन वर्षांचे, बोलू लागलेले, कोणाच्या तरी हातचे खाल्लेले, कदाचित कोणाला तरी हाका मारून थकलेले. आपल्याला ते आई म्हणेल?

आणि मग जून आला. दर जूनला माझ्या वर्गात पस्तीस तीन वर्षांची मुले येतात, आणि पहिल्या दिवशी पस्तीसच्या पस्तीस रडतात. कोणी दप्तर फेकते, कोणी माझ्या हाताला चावते, कोणी दाराशी बसून “आई, आई” म्हणत झोपी जाते. अठरा वर्षे मी हेच काम करते आहे. यंदा एका पोराला कडेवर घेऊन खिडकीतला कावळा दाखवता दाखवता एकदम माझ्या ध्यानात आले, की तान्ह्या बाळाचे मला यत्किंचितही काही येत नाही. न्हाऊ घालणे नाही, धुरी देणे नाही. मला जे काही येते ते तीन वर्षांपासून पुढचे येते. नियमाने माझ्यासाठी जे दार उघडे ठेवले होते, त्याच दाराशी मी रोज उभी असते.

श्रावणात आम्ही नोंदणी केली. पूर्वी दत्तकाचा हुकूम न्यायालयातून निघे. २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला, म्हणजे योग आला तर आमच्या मुलाच्या कागदावर पालघरची मोहोर असेल. वाट पाहणारी घरे पुष्कळ आणि कायद्याने दत्तकास मोकळी झालेली मुले थोडी, त्यामुळे वर्षे लागतील. मात्र नोंदणीच्या दिवशी जे वय असेल तेच धरतात. तेव्हा त्या कागदापुरते आम्ही दोघे ८८ वर थांबलो आहोत. आरशात नव्हे, पण कागदावर थांबलो, हेही काही थोडे नाही.

सासूबाईंना मी भीत भीत सांगितले. त्यांनी हातातले वाळके केळीचे पान खाली ठेवले, आणि म्हणाल्या, “म्हणजे पाळणा नको, खाट लागेल.” कलमाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

गेल्या महिन्यात घर पाहायला समाजसेविका आल्या. त्यांनी आमचे पगार विचारले, आजार विचारले, आमचे पटते का तेही विचारले. वाडीत फिरताना त्या विहिरीपाशी थांबल्या. काठ कमरेएवढाच आहे. “इथे काहीतरी करून घ्या,” एवढेच म्हणाल्या.

सासूबाई पन्नास वर्षे त्या विहिरीचे पाणी ओढत आल्या आहेत; तिच्यावर झाकण त्यांना खपणार नाही, असे आम्हांला वाटले होते. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर लोहार अंगणात बसून माप घेत होता. सासूबाई काठावर हात ठेवून त्याला सांगत होत्या, “गज जवळजवळ लाव बाबा. तीन वर्षांच्या पोराचं डोकं जाता कामा नये.”